रामकिसनरावांच्या उसाची आंघोळ

आधीच सांगते, मला कुणी खोटारडी म्हणलं तर मी ऐकून घेणार नाय. मी लबाडी केली, खोटं बोलले नाय. कुणी इचारलंच नाय तर खोटं बोलू कशाला? अन् इचारायची वेळ आली तव्हा खरं सांगितलं, तेबी चारचौघांत. आता बसा, म्हंजी पहिल्यापासून सांगते.

मी भागूबाई. वैजापूरच्या अलीकडं आमचं गाव. सगळं गाव कापूस नायतर कांदा लावतं, अन् त्यात उसाचा एकच तुकडा हाय, आमच्या घरामागं. आमच्या मालकांनी लावलेला. मालक म्हंजी माझ्या पोराचे, अभयचे वडील. त्यांचं नाव मी असं उघडं घेत नाय. जाऊन चार वर्षं झाली त्यांना, तरी घेत नाय. माणूस गेला म्हणून मान जातो का?

तरणे होते तव्हा कुठूनतरी दोन कांड्या पिशवीत घालून आणल्या अन् मोरीच्या पाण्यावर पुरल्या. त्याचा हा तुकडा झाला. जांभळा, मनगटाएवढा जाड, अन् मऊ असा की शेजारच्या साळूबाईच्या तोंडात चार दात उरलेत, तीबी सोलून खाती. कारखान्याला त्याचा उपयोग नाय. तो खायचा ऊस, अन् तुळशीच्या लग्नाचा. कार्तिक लागला की गावातल्या एकूण एक तुळशीच्या मांडवाला ऊस आमच्याकडून जातो. लग्न लागलं की लोकं ऊस खातात अन् शेंड्याकडची कांडी आपापल्या मोरीवर लावतात. घरटी एक बेट झालंय आता. गावात मला चार माणसं 'या, बसा' म्हणतात ती या उसामुळं, हे मला पक्कं ठाऊक हाय. नायतर माझ्या जिभेला कोण बसा म्हणणार?

अभय संभाजीनगरला कंपनीत हाय, राहायला उस्मानपुऱ्यात. त्याची बायको मोनाली उसाच्या संशोधन केंद्रात नोकरीला. लग्न ठरलं तव्हा मी गावभर सांगत सुटले, सून उसाची डाक्टर हाय म्हणून. तर ही बया एक दिवस आली, चहा प्याली, अन् म्हणती कशी,

"आई, नाल्यापलीकडचं वावर वर्षभर मला द्याल का? आठ जातींचा ऊस लावायचाय आणि त्याला रोग द्यायचाय."

"घालवायचा म्हण."

"नाही, द्यायचा."

मी अभयकडं बघितलं. तो बशीतल्या चहाकडं बघत होता. "अरे बाबा," मी म्हणलं, "लोकाच्या सुना रोग घालवायला शिकतात, तुझी द्यायला शिकून आली व्हय!"

पोरगी चिडकी हाय, पण समजावून सांगती. उसाला जंतूंचा एक रोग हाय. त्याचं इंग्रजी नाव तिनं दोनदा सांगितलं, मी दोनदा विसरले. पानावर पेन्सिलीनं ओढल्यावाणी पांढरी रेघ उठती. मग पान टोकाकडून भाजल्यासारखं वाळतं, उभ्या उसाला बुडापासून डोळे फुटतात, अन् एक दिवस अख्खा ऊस वाळून जातो. औषध नाय. जी जात या रोगाला पुरून उरती तीच लावायची, एवढाच उपाय. अन् पुरून उरती का नाय, हे रोग दिल्याशिवाय कळणार कसं? केंद्राच्या विहिरीला यंदा पाणी नव्हतं. आमचं नाल्यापलीकडचं वावर गावापासून लांब, चहूकडं कापूस, म्हणून तिची नजर त्याच्यावर.

"त्यातली सहा नंबरची जात माझी आहे," मोनाली म्हणाली. "सहा वर्षं तिच्यामागं आहे मी. या परीक्षेत टिकली तर पुढं जाईल. नाहीतर साहेब म्हणालेत, फाइल बंद." हे बोलताना तिचा आवाज बारीक झाला. मी ऐकलं, पण माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं.

"वावर घे. पण आठाचे नऊ कर. आमचा ऊसबी लाव."

"आई, तो खायचा ऊस. असल्या मऊ उसाचं काही खरं नसतं."

"आमच्या उसाचं? इतक्या वर्षांत त्याचं एक पान पिवळं झालेलं बघितलं नाय मी. तुझे आठच्या आठ आडवे होतील अन् आमचा उभा राहील. लाव पैज!"

पैज तिनं लावली नाय, पण ऊस लावायला कबूल झाली. पेन काढलं. "जातीचं नाव काय लिहू?"

आता आली का पंचाईत! गावात त्याला मालकांच्या नावानंच ओळखतात. मी म्हणलं, लिही की, तुला ठाऊक नाय का? ती म्हणाली, तुम्ही सांगाल तसं लिहिते, तुमचा ऊस. अभ्या मेला फिदीफिदी हसाया लागला. मग काय, पदर डोक्यावर घेतला अन् घेतलं:

"कारखान्याच्या चिमणीतून धूर निघतो काळा,
रामकिसनरावांच्या उसावर कुणी ठेवू नये डोळा."

सुनेनं लिहून घेतलं. नंबर नऊ, रामकिसन.

इथवर सगळं गोड. मग तिनं आंघोळीचं काढलं. लावायच्या आधी सगळं बेणं केंद्रात न्यायचं. दोन दिवस वाहत्या पाण्यात भिजवायचं, अन् मग गरम पाण्याच्या टाकीत दोन-तीन तास बुडवून ठेवायचं. पन्नास अंश गरम!

"पोरी, ऊस हाय का चहा?"

"आत आधीचा रोग लपलेला असेल तर तो मरतो त्यानं. परीक्षेला बसणारे सगळे आधी निरोगी पाहिजेत ना. नाहीतर कोण कशानं आजारी पडला हे कसं कळणार?"

"आमच्या उसात रोग बिग काय नाय."

"सगळ्यांना आंघोळ, आई. नियम आहे."

आता तुम्हाला आमच्या मालकांबद्दल सांगायला पाहिजे. त्या माणसानं जन्मात गरम पाण्यानं आंघोळ केली नाय. पौषात, दात वाजायच्या थंडीत, विहिरीवर जाऊन डोक्यावर बादली. मी बंब पेटवून ठेवायचे, तर म्हणायचे, "मला काय धाड भरलीय?" सर्दी झाली, काढा दिला, तरी तेच, मला काय धाड भरलीय. अशा माणसाचा ऊस, अन् तो मी पन्नास अंशात उकडू? मालक वरून बघत असतील तर काय म्हणतील? मला ते सहनच होईना. बरं, डोळे भाजले अन् उगवलंच नाय तर? पैज मी लावलेली, नाक माझं कापलं जाणार.

म्हणून मी लबाडी केली. हीच ती.

बेणं मी स्वतः घेऊन येते म्हणाले. आमचा ऊस घरातच ठेवला, रिकामं पोतं घेतलं अन् एस.टी.त बसले. संभाजीनगरच्या छावणीत उतरून बाजारातल्या रसवंतीवर गेले. म्हातारा चाचा घुंगरं वाजवत रस काढत होता. त्याला म्हणलं, एक मोळी ऊस दे.

"रस नको, अम्मा? नुस्ता गन्ना लेके क्या करते?"

"आंघोळ घालायची."

"किसको?"

"उसाला. गरम पाण्यानं."

चाचाचा हात चरकावरच थांबला. त्यानं ऊस बांधून दिला, एक गिलास रस फुकट पाजला, अन् हळूच इचारलं, "अम्मा, घर में सब खैरियत है ना? अकेले तो नै आये?"

तिथंच बसून त्या उसाचे तुकडे करून टिपऱ्या केल्या, पोत्यात भरल्या, तोंड सुतळीनं घट्ट शिवलं, वर नऊ नंबरची चिठ्ठी बांधली अन् केंद्रावर नेऊन दिलं. टाकीवाल्यानं पोतं उघडून बघितलं नाय. रसवंतीचा ऊस तीन तास गरम पाण्यात डुंबला. लागवडीच्या दिवशी टेम्पोतून सगळी पोती आली, तव्हा नऊ नंबरचं पोतं मी आधी घरात नेलं, 'पूजा करते' म्हणून. आतला ऊस म्हशीपुढं टाकला अन् आमचा, बिनआंघोळीचा, भरून बाहेर आणला. म्हैस तेवढी खूश झाली.

प्रत्येक जातीला दोन सऱ्या. एकीला रोगाचं पाणी द्यायचं, दुसरीला साधं, म्हंजी फरक कळतो. नऊ नंबरच्या सऱ्या मी कुणाला हात लावू दिल्या नायत. सहा नंबर उगवला तव्हा बघून मला हसूच आलं. बारीक, फिक्कट, अंगात जीव नसल्यागत. "हा ऊस हाय का बाजरीच्या वाळल्या ताटांचं सरमाड?" मी म्हणलं. मोनालीनं मान फिरवली. तिला लागलं ते. मला बरं वाटलं.

पावसाळ्यात रोग द्यायचा दिवस आला. मोनालीनं दोन कॅन आणले, लाल झाकणाच्या कॅनमध्ये जंतूचं पाणी, पांढऱ्यात साधं. कोयत्यानं वरची कोवळी पानं छाटायची अन् छाटल्या जागी पाणी सोडायचं. एक सरी झाली की कोयता स्पिरिटच्या बादलीत बुडवायचा, मगच दुसऱ्या सरीला लावायचा. कारण हा रोग पायानं चालत नाय, कोयत्यावर बसून जातो. कोयता बुडवायचं काम माझ्याकडं. एवढं सोवळं तर मी नवरात्रातबी पाळत नाय. पण एकदा घेतलेलं काम मी मन लावून करते, त्यात लबाडी नाय. दर सरीला कोयता बुडवला, झटकला, मगच हातात दिला. ते स्पिरिट नाकात जाऊन दोन दिवस माझं डोकं धरलं होतं.

महिनाभरात गंमत दिसाया लागली. दोन, तीन अन् आठ नंबरला पांढऱ्या रेघा आल्या, चारची पानं भाजली, सातच्या उसाला अंगभर डोळे फुटले, एक अन् पाच तर वाळूनच गेले. आठवड्याआड मोनाली एस.टी.नं यायची, उन्हात एकेक पान मोजायची, तोंड लालभडक. मी बांधावर बसून नऊ नंबरकडं बघायचे. काय तो ऊस! साध्या पाण्याची सरी हिरवीगार, अन् रोगाच्या पाण्याची सरीबी हिरवीगार. एक रेघ नाय. एक पान भाजलेलं नाय. दुसरा ज्याला काय झालं नाय तो सहा नंबर. तेवढाच. बाजरीचं सरमाड मेलं ताठ उभं होतं. त्याचं मला जरा नवल वाटलं, पण बोलून कोण दाखवणार?

"बघितलंस?" मी मोनालीला म्हणलं. "म्हणं मऊ उसाचं काय खरं नसतं!"

"बाहेरून बघून सांगता येत नाही, आई. आत बघायला पाहिजे." अन् तिनं सगळ्या सऱ्यांतल्या कांड्या तपासायला केंद्रात नेल्या.

आत काय बघायचं? ऊस हाय तो. आत रस असतो. मी गावभर सांगितलं की सुनेच्या परीक्षेत आमचा ऊस पहिला आला. साळूबाईनं लगेच सांगून ठेवलं, "भागे, यंदा मला त्या परीक्षेतलाच ऊस पाहिजे. माझ्या तुळशीला पास झालेला मांडव घालते." मी म्हणलं, घे की, तुला नाय तर कुणाला?

तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं, अन् मोनाली अन् तिचे साहेब गाडीतून वावरात उतरले. राजेंद्र साहेब म्हणतात त्यांना. शांत माणूस. मी आपली हौसेनं चहाची किटली घेऊन गेले. म्हणलं, निकाल सांगायला आले असतील. साळूबाईबी माझ्यामागं आली, ऊस निवडायला. बघते तर मोनाली नऊ नंबरच्या सरीपाशी खाली मान घालून उभी, अन् साहेब हातातल्या कागदाकडं बघत.

"काय झालं?"

"मावशी, नऊ नंबरच्या उसात जंतू सापडले," साहेब म्हणाले. "आत भरलेत."

"रोगाचं पाणी दिलंय, मग सापडणारच की! पण ऊस बघा कसा उभा हाय."

"रोगाचं दिलं त्या सरीत सापडले असते तर काही नव्हतं, मावशी. साध्या पाण्याच्या सरीतसुद्धा तेवढेच सापडलेत. बेणं तर आंघोळ घालून लावलेलं. म्हणजे जंतू बाहेरूनच आले. एकतर कॅनची अदलाबदल झाली, नाहीतर कोयता धुतला गेला नाही." ते मोनालीकडं वळले. "एका ठिकाणी घोळ झाला तर बाकीच्या सऱ्यांवर विश्वास कसा ठेवायचा? सहा नंबरला खरंच रोगाचं पाणी गेलं होतं का, हेही मग सांगता येणार नाही. ही सगळी परीक्षा रद्द धरावी लागेल."

मोनालीनं सहा नंबरच्या सरीकडं बघितलं.

"कोयता कोणाकडं होता त्या दिवशी?" साहेबांनी इचारलं.

आता माझं नाव येणार, मी पदर खोचला. कोयता मी बुडवलाय, दर सरीला बुडवलाय, कुणाच्या बापाला खोट काढायची सोय नाय! मी तोंड उघडलं, अन् त्याच्या आधी पोरगी म्हणाली,

"माझ्याकडं, सर. माझंच चुकलं असेल."

मी बघतच राहिले. सहा वर्षं पाण्यात चालली होती, अन् ही माझ्यावरचा आळ आपल्या अंगावर घेती! मी हिला काय कमी बोलले होते का? हिच्या सहा नंबरला सरमाड म्हणलं, हिच्या आंघोळीला चहा म्हणलं.

पण लगेच बोलले नाय, हेबी सांगते. कारण मला तेवढ्यात दुसरं कळलं होतं. कोयता स्वच्छ होता, कॅन बरोबर होते, म्हंजी जंतू बाहेरून आलेच नाय. ते आतच होते. पहिल्यापासून. आमच्या घरामागच्या तुकड्यात. हे तोंडातून काढलं की मालकांचा ऊस संपला. गावाच्या मांडवाला माझा ऊस संपला, अन् 'या, बसा'बी संपलं. अन् साळूबाई तिथंच उभी, कान टवकारून. नाय बोलले तर? ऊस राहतो. मोनालीचं काय, ती दुसरा एखादा नंबर काढील. असं मनात आलं माझ्या. आलं, लपवत नाय. पण त्या पोरीची मान खाली होती ना, ती मला बघवेना.

"साहेब, कोयता माझ्याकडं होता," मी म्हणलं. "अन् तो मी दर सरीला बुडवलाय. तुळशीची शप्पथ. ही पोरगी खोटं बोलती."

"आई, राहू द्या..."

"तू गप. साहेब, नऊ नंबरची आंघोळ झालेली नाय."

"म्हणजे?"

"म्हंजी त्या पोत्यात रसवंतीचा ऊस होता. त्याची आंघोळ झाली, तो आमच्या म्हशीनं खाल्ला. आमचा ऊस मी तसाच लावला. बिनआंघोळीचा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "रसवंतीचा?"

"छावणीतल्या. चाचाला इचारा वाटलं तर. त्याला मी चांगली ध्यानात असेन."

मोनाली माझ्याकडं बघत होती. मला वाटलं आता ही फाडून खाती. तर तिच्या तोंडातून एकदम हसू फुटलं, अन् मागोमाग रडू. दोन्ही एकदमच. "आई, तीन तास!" ती म्हणाली. "तीन तास मी टाकीपाशी उभी होते, तुमच्या उसाचे डोळे भाजायला नकोत म्हणून. सारखं पाणी तपासत होते!"

हे मला ठाऊक नव्हतं. आता लाज वाटली म्हणते ती इथं वाटली.

साहेबांनी डोकं चालवलं. बाकीच्या आठही जातींच्या साध्या पाण्याच्या सऱ्या स्वच्छ निघाल्या होत्या, म्हंजी कोयत्यात खोट नव्हती. खोट होती ती नऊ नंबरच्या बेण्यात. नऊ नंबर परीक्षेतून काढला की बाकीचा निकाल शाबूत. सहा नंबरला रोग दिला होता, अन् तपासणीत सहा नंबरच्या आत जंतू औषधालाही सापडला नव्हता. "मावशी," साहेब म्हणाले, "हे सगळं मला लिहून त्यावर तुमचा अंगठा—"

"सही करते मी," मी म्हणलं. "सातवी झालेय."

मग मी मोनालीला इचारलं, मला कळायला पाहिजे होतं ते. आमच्या उसात एवढा रोग, तर त्याला झालं कसं काय नाय? इतकी वर्षं?

"काही ऊस असे असतात, आई," ती म्हणाली. आवाज मऊ केला होता तिनं. "सहा नंबर रोगाला आत घुसूच देत नाही. तुमचा ऊस घुसू देतो आणि सोसतो. आतून पोखरला जातो, पण वरून दाखवत नाही. हिरवागार दिसतो. आपल्याला वाटतं याला काहीच नाही. आणि एखाद्या वर्षी पाण्याचा ताण पडला, की उभ्या उभ्या जातो."

मी बांधावर बसले.

मालक गेले त्या दिवशी सकाळी छातीवर हात फिरवत होते. मी म्हणलं, दुखतंय का? म्हणले, गॅस हाय. मी म्हणलं, वैजापूरला डाक्टरकडं जाऊ. म्हणले, मला काय धाड भरलीय? सोडा प्याले, अन् उसाला पाणी द्यायला गेले. दुपारी त्या उसातच बसलेले सापडले. डाक्टर म्हणले, हे लई दिवसांचं असणार, यांनी कुणाला सांगितलं नाय का? नाय सांगितलं. मलाबी नाय सांगितलं. गावात लोकं म्हणतात, केवढा धट्टाकट्टा माणूस, एका दिवसात गेला. मीबी तसंच म्हणते. पण मला राग हाय त्यांचा. चार वर्षं झाली, अजून राग हाय. सांगितलं असतं तर मी पाठीवर घालून नेलं असतं हो!

रडले मी तिथं, साहेबांसमोर, साळूबाईसमोर. मोनाली शेजारी बसली. किटलीतला चहा पार गार झाला.

साळूबाईनं एवढंच इचारलं, "मग माझ्या मांडवाचं काय?"

काय व्हायचं ते झालं. माणसाला त्या उसानं काय होत नाय, खायला काय हरकत नाय, पण लावायचा नाय असं मोनाली म्हणाली. म्हणून मी स्वतः घरोघरी फिरले, कुदळ घेऊन. ज्या ज्या मोरीवर माझ्या हातानं बेट गेलं होतं, ते ते उपटलं. लोकं दारात उभी राहून बघायची. कुणी म्हणलं, भागूबाईला येड लागलं. कुणी म्हणलं, दिलेलं परत न्यायची ही कसली रीत? मी काय ऐकून घेते का? म्हणलं, रोग दिलाय मी तुम्हाला, तो परत नेते, उपकार माना! कुणाकुणाच्या बेटात पांढऱ्या रेघा आलेल्या निघाल्या, तव्हा गप झाली लोकं. सगळ्यात शेवटी घरामागचा तुकडा उपटला. त्याला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाय.

यंदा गावातल्या तुळशींची लग्नं बाजरीच्या सरमाडाच्या मांडवात लागली. साळूबाई म्हणली, मांडव कसा भुंडा दिसतोय. मी म्हणलं, तुझ्या दातांपेक्षा भरगच्च हाय. तिला राग यायला पाहिजे होता. ती हसली, अन् पाट सरकवून म्हणली, "ये, बस."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी उस्मानपुऱ्यात गेले. पिशवीत मालकांच्या उसाच्या पाच टिपऱ्या होत्या. उपटताना तेवढ्या ठेवल्या होत्या. मोनालीपुढं धरल्या.

तिनं साहेबांना फोन लावला, परवानगी काढली, दोन दिवस टिपऱ्या वाहत्या पाण्यात ठेवल्या, अन् मग मला घेऊन केंद्रात गेली. टाकीतून वाफ निघत होती. मी बोट बुडवून बघितलं तर चटका बसला.

"यानं जाईल का गं सगळा रोग?"

"सगळा जाईलच असं नाही सांगत, आई. लावून बघू, परत तपासू. राहिला असेल तर परत आंघोळ घालू."

टिपऱ्या जाळीच्या पिशवीत होत्या. वर चिठ्ठी, तिच्या अक्षरात, रामकिसन. ती पिशवी पाण्यावर धरून तिनं माझ्याकडं बघितलं. ती थांबली होती, माझ्या तोंडाकडं बघत.

"घालू ना?"

"घाल," मी म्हणलं. "अन् त्यांना इचारत बसू नको. इचारलं की म्हणतील, मला काय धाड भरलीय."